प्लग-इन हायब्रिड सांगून गाडीला ट्रॉलीचं सॉकेट बसवून दिलं

निपाणी, चिकोडी, संकेश्वर, बेळगाव, खानापूर ह्या पट्ट्यात कोणी सेकंड हँड हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि करंटची मोटर दोन्ही असलेली) गाडी बघत असाल तर हे वाचून मगच अॅडव्हान्स द्या. मला ज्यानं गंडवलं त्याचं दुकान अजून जोरात चालू आहे. नाव लिहीत नाही कारण प्रकरण ग्राहक आयोगात गेलंय आणि वकिलांनी लिहू नका म्हणून सांगितलंय, पण हायवेला लागून आहे आणि मराठी एकदम गोड बोलतो, एवढं सांगतो.

मी खानापूरचा, काम उद्यमबागेत. रोजचं जाणंयेणं पन्नास किलोमीटरच्या आत, त्यामुळं प्लग-इन हायब्रिड, म्हणजे घरच्या विजेवर चार्ज करता येणारी हायब्रिड, हा प्रकार मला फार पटायचा. युरोपात जीप कंपासची फोरएक्सई आली होती, तिला ११.४ किलोवॅट-अवरची (म्हणजे तेवढ्या युनिटची) बॅटरी, रात्री घरी चार्ज केली की पन्नासेक किलोमीटर नुसत्या करंटवर आणि पुढं लांब जायचं असेल तर पेट्रोल आहेच. म्हणजे रोजची ड्यूटी करंटवर आणि चोर्ला घाटातून गोव्याला जायचं झालं तर पेट्रोल. आपल्याकडं मात्र प्लग-इन म्हटलं की व्होल्वो एक्ससी९० नाहीतर बीएमडब्ल्यू एक्सएम असल्या गाड्या, आपल्या बजेटातल्या कॉम्पॅक्ट एसयूव्हीत तो ऑप्शनच नव्हता. हे मला माहीत होतं आणि मी त्याला तसं तोंडावर बोललो पण. त्यावर त्याचं उत्तर तयार होतं, "पाव्हणं, कंपनी इथं देत नाही हो, बाहेर देते, आम्ही ते बाहेरचं ओरिजिनल किट आणून बसवतो, कोल्हापुरात धा-बारा गाड्या फिरत्यात." मी एक गाडी दाखवा म्हटलं तर त्यानं खरंच एक दाखवली, तिच्या बंपरला चार्जिंगचं म्हणून गोल झाकण होतं.

गाडी एमएच-०९ पासिंगची, दोन वर्षं वापरलेली, स्ट्राँग हायब्रिड, तेरा लाखाच्या आसपास. पॅनोरमिक सनरूफ, थंड हवेच्या सीटा, चारी बाजूचा कॅमेरा, काचेवर स्पीड दिसतो ते, हे सगळं सांगितल्याप्रमाणे होतं आणि सगळं चालत होतं, गाडी म्हणून गाडीत काही खोट नाही. किटचे ९५ हजार वेगळे.

आता मेख कुठं आहे ते नीट समजून घ्या. स्ट्राँग हायब्रिड गाडी मुळातच थोडा वेळ इंजिन बंद ठेवून मोटरवर चालते. हळू चालवली, एक्सिलरेटर अलगद दाबला की डॅशबोर्डवर हिरवं ईव्ही लागतं आणि आवाज पूर्ण बंद. त्यानं मला ट्रायलला बसवलं, आधी किटची चार्जिंगची केबल लावून ठेवली होती, सगळ्यांसमोर काढली, आणि सर्व्हिस रोडला वीसच्या स्पीडनं गाडी नेली, ईव्ही दिवा लागलेला, चिडीचूप. "बघा, करंटवर पळूलालीय." ती तशी कोणाचीही पळते! २०२२ साली आलेल्या ग्रँड व्हिटारा, हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी पाऊण युनिटची, नेमकं सांगायचं तर ०.७६ किलोवॅट-अवर. ती इंजिनवर आणि ब्रेक मारताना आपोआप भरते, बाहेरून चार्ज करायची सोयच नसते आणि गरजही नसते, त्या जोरावर तर कंपनी लिटरला २७.९७ चं मायलेज सांगते. प्लग-इनची बॅटरी ह्याच्या पंधरा पट मोठी. दिवा मात्र दोन्हीकडं तसाच लागतो, आणि सगळा धंदा त्या दिव्यावर चाललाय.

दुसरं आमिष रोड टॅक्सचं. सीमाभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको, महाराष्ट्रात दहा ते वीस लाखाच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के आणि कर्नाटकात १७. तिकडची गाडी इकडं आणून बारा महिन्यांच्या वर ठेवली की केए नंबर घ्यावा लागतो, गाडी जुनी म्हणून टॅक्स कमी होतो पण भरायला लागतोच. हा म्हणतो, प्लग-इन आहे म्हणजे इलेक्ट्रिकमध्ये मोडते, कर्नाटकात माफ, एनओसी मी काढून देतो. एनओसी दिली, ती खरी होती. आरटीओत गेल्यावर क्लार्कनं आरसीवर बोट ठेवलं, फ्युएलच्या जागी पेट्रोल/हायब्रिड. वाहन पोर्टलवर प्लग-इनची नोंद वेगळी असते, तुमच्या आरसीवर ती नाही, टॅक्स भरा. त्याला फोन केला तर "एंट्री अपडेट व्हायची आहे, टॅक्स आत्ता भरा, मागनं रिफंड मिळतोय."

तरी मला किटचा संशय आलेला नव्हता, तो आला आमच्या आईमुळं. आमच्या घराला गृहज्योती, म्हणजे कर्नाटक सरकारची फुकट विजेची योजना आहे, सरासरीच्या वर थोडी सूट आणि २०० युनिटची हद्द. गाडी आल्यापासून आईला एकच घोर, ह्या गाडीपायी फुकटची वीज जाणार. रोज सकाळी चष्मा लावून मीटर बघायची आणि कॅलेंडरवर आकडा लिहायची. प्लग-इन गाडी रोज भरायची म्हणजे दहा-अकरा युनिट, महिन्याला अडीचशेच्या वर, मी तिला आधीच सांगून ठेवलेलं की यंदा बिल येणार. हेस्कॉमचा, म्हणजे वीज कंपनीचा माणूस आला, मशीनमधनं कागद काढला, शून्य. आई खूश, "वाचलो बाई." मी कॅलेंडर काढून आकडे बघितले तर रात्रभर गाडी लावून सकाळी अर्धं युनिट पण जास्तीचं नाही. कितीतरी घरांत फ्रिज ह्यापेक्षा जास्त खातो.

मग गल्लीतल्या ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला बोलावलं, कारण शोरूमला नेली तर वॉरंटीचं काय होईल ही धास्ती. त्यानं बंपरचं झाकण उघडलं आणि हसायलाच लागला. "ओ, हे ट्रॉलीचं सॉकेट की! ऊस ओढायच्या ट्रॅक्टरला मागं दिव्यासाठी हेच लावतोय आम्ही." सात पिनी, सगळ्या सारख्या मापाच्या. खऱ्या गाडीच्या टाइप टू पोर्टला पण सातच असतात पण पाच मोठ्या आणि दोन बारक्या, तेवढ्यासाठी ह्या पठ्ठ्यानं बरोबर सात पिनी शोधून काढल्या. मागनं वायर काढली तर बोटाएवढी पण जाड नाही, काळी, आणि ती जाऊन जोडली होती साध्या बारा व्होल्टच्या बॅटरीला. हायब्रिडच्या हाय व्होल्टेजच्या केबली नारिंगी रंगाच्या असतात, त्यांच्या जवळपास पण ही गेली नव्हती, आणि ते एका अर्थी नशीब. केबलच्या मधल्या डब्याचे स्क्रू काढले, आत बाजारात मिळतो तसला बॅटरी चार्जर. आधी लाल लागतो, मग हिरवा. ९५ हजाराचं किट ते हेच.

दुकानात गेलो तर आधी सॉफ्टवेअर, मग किटचा माणूस पुण्याहून येणार, आणि शेवटी बिल काढून दाखवलं, "अॅक्सेसरी फिटिंग" एवढंच लिहिलेलं, प्लग-इन हा शब्द कुठंच नाही. मी आवाज चढवल्यावर साहेब एकदम कन्नडवर. इतके दिवस "आपण मराठी माणसं" चाललं होतं. पोलिसात गेलो तर तिथं हे सिव्हिल आहे म्हणाले, तसं ते नाहीये, फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, वकिलांनी लेखी अर्ज देऊन पोच घ्यायला लावली.

पैसे वसूल व्हायला जे कामाला आलं ते असं. त्याची ऑनलाइन जाहिरात, ज्यात "होम चार्जिंग, टॅक्स फ्री" लिहिलं होतं, तिचा स्क्रीनशॉट माझ्या भावानं मला आधी पाठवलेला होता, तो व्हॉट्सअॅपवर पडून होता. किटचे पैसे यूपीआयनं दिलेले. त्याचे व्हॉइस मेसेज. आईचं कॅलेंडर, वकील म्हणाले हे पण जोडा. १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली, मग जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज, पाच लाखाच्या आतल्या रकमेला फी नाही आणि दोन वर्षांच्या आत करायचा. नोटीस पोचल्यावर साहेबांनी ४० हजार परत पाठवले आणि तक्रार मागं घ्या म्हणाले, घेतली नाही.

ती वायर काढून टाकली आहे. गाडीत असले फेरफार मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाहीत आणि हायब्रिड बॅटरीची आठ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटरची वॉरंटी असल्या जोडकामापायी जाऊ शकते, म्हणून शोरूममध्ये दाखवून लेखी रिपोर्ट घेतला, मोठ्या बॅटरीला हात लागलेला नाही असं त्यात आहे. बंपरला भोक पडलंय ते पडलंय.

कोणी प्लग-इन म्हणून गाडी दाखवली तर आरसीवरचं फ्युएल बघा आणि एक रात्र मीटरला लावून युनिट मोजू दे म्हणा. माझ्या त्या माणसाकडं सध्या एक पांढरी गाडी लागली आहे, जाहिरातीत बंपरच्या उजव्या बाजूचं झाकण स्पष्ट दिसतंय, किंमत माझ्यापेक्षा पन्नास हजारांनी जास्त सांगतोय.