बाळ गमावलेल्या घरातली पहिली दिवाळी आणि नाव कोरलेले चांदीचे निरांजन

घरातले वडीलधारे माणूस गेले तर पहिल्या दिवाळीला काय करायचे, हे आपल्याकडे कुणाला सांगावे लागत नाही. त्या घरी कढई चढत नाही, आकाशकंदील लागत नाही, आणि नातेवाईक व शेजारी आपापल्या घरचा फराळ डब्यांत भरून तिथे पोहोचवतात. गेलेले माणूस काही दिवसांचे बाळ असेल, तर मात्र ही रीत एकाएकी मुकी होते. दोन वर्षांखालच्या मुलाला अग्नी न देता पुरण्याची प्रथा आहे, दहावे-तेरावे होत नाही, सुतकही थोडक्यात आटोपते. त्यामुळे ‘एवढ्याशा बाळाचा कसला दुखवटा’ असे म्हणायला लोक मोकळे होतात आणि त्या जोडप्याने दारात पणत्या लावून हसतमुखाने चकल्यांचे ताट पुढे करावे, अशी अपेक्षा बाळगली जाते. कुणी फराळ आणून देत नाही, कारण इथे दुखवटा आहे हेच कुणी धरलेले नसते.

माझ्या भाचीची मुलगी गेल्या श्रावणात नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागात काही दिवस जगली. बारसे झालेले नव्हते. काचेच्या पेटीला लावलेल्या कार्डावर ‘बेबी ऑफ’ आणि पुढे आईचे नाव, एवढीच तिची नोंद होती. आईवडील मात्र पहिल्या दिवसापासून तिला एका दोन अक्षरी नावाने हाक मारत होते. त्या दोघांना दिवाळीला काय द्यावे, याचा विचार करताना मी दोनच कसोट्या ठरवल्या होत्या. मूल होते हे त्या वस्तूने मान्य करावे, आणि त्या बदल्यात आईवडिलांकडून काही मागू नये. म्हणजे आभाराचा फोन नको, ती दिवाणखान्यात मांडण्याचे बंधन नको आणि ‘आता बरे वाटते ना’ या प्रश्नाचे उत्तरही नको.

ऑनलाइन भेटवस्तूंच्या एका दुकानात ‘सांत्वन’ असा वेगळा विभाग आहे. तिथल्या पेटीत सुवासिक मेणबत्ती, चॉकलेट, हर्बल चहाच्या पुड्या आणि एक छापील पत्र असते. वस्तू वाईट नाहीत, परंतु दिवाळीच्या हंगामात त्यांच्या प्रत्येक खोक्याभोवती आनंदाच्या आणि भरभराटीच्या शुभेच्छांचा सोनेरी पट्टा चिकटवला जातो. तो पट्टा न लावता पेटी पाठवता येईल का, असे विचारले असता ‘पट्टा मोफत आहे’ असे ग्राहकसेवेकडून कळवण्यात आले. त्यापुढे मी तो विषय वाढवला नाही. रोपवाटिकेतून सोनचाफ्याचे रोप आणावे, असेही घरात सुचवले गेले होते. कल्पना चांगली असली तरी फ्लॅटच्या गॅलरीतले रोप एखाद्या उन्हाळ्यात सुकले, तर त्या आईला ते कसे वाटेल, याचा विचार रोप देणारे सहसा करत नाहीत.

शेवटी घेतले ते चांदीचे बैठे निरांजन. पुण्यातल्या सोन्या मारुती चौकाजवळच्या एका जुन्या सराफी पेढीत ते मिळाले. बाळाच्या पहिल्या दिवाळीला चांदी देण्याचा आपला प्रघात असल्यामुळे गल्ल्याजवळच्या तरुण विक्रेत्याने मागणी पुरती ऐकण्याआधीच वाळे, करदोटा आणि वाटी-चमचा मांडलेला मखमली ट्रे पुढे सरकवला. बाळ राहिले नाही, असे सांगितल्यावर त्याने तो ट्रे उचलून मागे ठेवला आणि आतून पेढीच्या वयस्क मालकांना बोलावून आणले. त्यांनी चौकशी केली नाही की तोंडदेखली हळहळही व्यक्त केली नाही. एक कोरा कागद पुढे करून ते म्हणाले, “ताई, नाव तुमच्या हातानं लिहून द्या. वेलांटी तुमची, कोरणी आमची.” दुःखात असलेल्या गिऱ्हाइकाशी कसे वागावे, याचे शिक्षण त्या ऑनलाइन दुकानाने या पेढीकडून घ्यायला हरकत नाही.

वस्तूविषयी सांगायचे तर निरांजन हातात घेतल्यावर भरीव वाटते, बैठक रुंद असल्यामुळे ताटात डगमगत नाही आणि वातीच्या खळग्याला पुरेशी खोली असल्यामुळे तूप कडेला येत नाही. शुद्ध चांदी मऊ असते आणि रोजच्या हाताळणीत तिला पोचे पडतात. म्हणून आम्ही 925 शुद्धतेची चांदी पसंत केली, जिच्यात साडेसात टक्के इतर धातू, बहुधा तांबे, असल्यामुळे कठीणपणा येतो. ती तुलनेने लवकर काळवंडते, हे मात्र घेताना माहीत असावे. सप्टेंबर 2025 पासून चांदीलाही एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक वस्तूच्या स्वतंत्र ओळख क्रमांकासह हॉलमार्क मिळू लागला असला तरी तो ऐच्छिक ठेवला गेला आहे, त्यामुळे दुकानदाराकडे तो आपण होऊन मागावा लागतो. किंमत त्या दिवसाच्या भावावर ठरते. तिच्यावर मजुरी आणि 3 टक्के जीएसटी लागतो. कोरणावळ इथे अक्षरांवर मोजतात, आणि दोन अक्षरांची कोरणावळ घेण्यास मालकांनी नकार दिला.

कोरण्याचे दोन प्रकार आहेत. लेझरने कोरलेली अक्षरे रेखीव दिसतात आणि काम लगेच होते, पण ती उथळ असतात व वर्षानुवर्षे घासली की पुसट होत जातात. हाताने कोरलेल्या अक्षरांत ओळी किंचित कमीजास्त होतात, तरी खोली असल्यामुळे त्या खाचांत काळेपणा बसून राहतो आणि बाकीची चांदी उजळल्यावर नाव उलट अधिक ठळक होते. आम्ही हाताचे काम घेतले. दुसऱ्या अक्षराच्या कान्याचे टोक थोडे डावीकडे झुकले आहे. परिपूर्णतेचा आग्रह असणाऱ्याला ते खटकेल, मला खटकले नाही.

नाव कुठे कोरावे, यावर मात्र पेढीचे मालक आणि माझे एकमत झाले नाही. त्यांचा सल्ला काठावर, समोरून दिसेल असे कोरण्याचा होता, आणि देखणेपणाच्या दृष्टीने तो रास्तच होता. मी बैठकीच्या खालच्या बाजूला कोरून घेतले. तिथे कडेचे वळ उंच असल्यामुळे अक्षरे ताटाला घासत नाहीत. त्याहून महत्त्वाचे असे की, आल्यागेल्या प्रत्येकाला नावाचा खुलासा करण्याची वेळ आईवडिलांवर येत नाही. त्यांना वाटेल तेव्हा ते निरांजन उलटे करून पाहू शकतात, आणि वाटले तर दुसऱ्याला दाखवू शकतात. अर्थात नाव कोरण्यापूर्वी विचारणे आवश्यक आहे. काही आईवडिलांनी नाव ठेवलेलेच नसते, काहींना ते धातूवर पाहवणार नाही. अशा वेळी जन्माची तारीख किंवा नुसता महिना पुरेसा होतो. मी भाचीला सरळ विचारले, आणि तिने अक्षरे दीर्घ की ऱ्हस्व हेसुद्धा सांगितले.

वेष्टनासाठी एक गुण कमी करावा लागेल. पेढीच्या नेहमीच्या लाल डबीवर लक्ष्मीची पावले आणि ‘शुभ दीपावली’ छापलेले होते. साधी डबी शिल्लक नव्हती, म्हणून मालकांनी पांढऱ्या सुती कापडाची पिशवी शिवून दिली. ती डबीपेक्षा सरस ठरली, पण ती मागावी लागली.

बाळाच्या नावाने एखाद्या रुग्णालयाच्या नवजात विभागाला देणगी देण्याचा पर्यायही मी तपासला. महाराष्ट्रात या कामाला मोठी परंपरा आहे. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मानवी दुग्धपेढी, म्हणजे दान केलेले आईचे दूध गरजू नवजात बाळांसाठी साठवणारी पेढी, 1989 मध्ये सुरू केली. तरीही अशी देणगी कुटुंबाच्या मनात आल्यावर त्यांच्या हातूनच व्हावी, असे माझे मत झाले. आपण परस्पर दिलेल्या देणगीची पावती आपल्या नावाने येते, करसवलत आपल्याला मिळते, आणि आईवडिलांच्या वाट्याला त्याच विभागाचे नाव पुन्हा वाचणे येते, जिथून ते रिकाम्या हाताने बाहेर पडले होते.

भेट केव्हा द्यावी, हेही वस्तूइतकेच महत्त्वाचे आहे. दिवाळीची सुरुवात वसुबारसेने होते, आणि त्या दिवशी सवत्स धेनूची पूजा करून मुलाबाळांसाठी उपवास धरण्याची प्रथा आहे. लक्ष्मीपूजनाच्या रोषणाईपेक्षा हा दिवस अशा आईला अधिक जड जाण्याची शक्यता असते, पण तो मोठ्या सणांत गणला जात नसल्यामुळे कुणाच्या ध्यानातही येत नाही. आम्ही निरांजन त्याच्या आदल्या संध्याकाळी पोहोचवले आणि सोबत, दुखवट्याच्या घरी नेतात तसा, घरचा फराळ नेला. चिठ्ठीवर दोघांची नावे लिहिली होती. जावई म्हणाले, “मावशी, तीन महिन्यांत सगळे मला ‘ती कशी आहे’ एवढंच विचारतात.” चिठ्ठीत बाळाचे नाव घालून दोन वाक्ये लिहावीत, ‘पुढच्या वर्षी’ने सुरू होणारे वाक्य मात्र त्यात नसावे.

निरांजन सर्वच घरांत चालेल असे नाही. मृत व्यक्तीच्या नावाने दक्षिणेकडे तोंड करून ठेवायचा दिवा वेगळा आणि देवापुढचे निरांजन वेगळे. गेलेल्याचे नाव देवाच्या उपकरणावर घालणे काही घरांतल्या वडीलधाऱ्यांना पटत नाही, आणि तो वाद त्या दोघांच्या डोक्यावर आणणे योग्य नव्हे. तिथे चांदीची छोटी वाटी घ्यावी. चांदी उजळण्याच्या द्रावणात वस्तू वारंवार बुडवू नये, रांगोळीने घासू नये. दंतमंजनाची बारीक पूड आणि मऊ कापड पुरते. हाताने कोरून हवे असेल तर दसऱ्यापूर्वी ऑर्डर द्यावी, कारण त्यानंतर कारागिरांकडे लक्ष्मीच्या नाण्यांची आणि ताटांची गर्दी होते आणि घाईतले काम लेझरवर ढकलले जाते.