रास्पबेरी पाय ४ शाळेच्या संगणक कक्षात: वीज वाचली, ती यूपीएसने खाल्ली

यूपीएसची, म्हणजे वीज गेल्यावर संगणक थोडा वेळ बॅटरीवर चालू ठेवणाऱ्या डब्याची, बॅटरी बदलायला येणारा मेकॅनिक दरवेळी बजावून जातो, "सर, यूपीएसचं भिंतीवरचं बटण बंद करू नका, बॅटरी जाईल." या एका वाक्यापायी आमच्या जिल्हा परिषद शाळेने वर्षानुवर्षं किती बिल भरलं ते मोजून पाहिलं आणि चीड आली. म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहितोय.

आधी पायबद्दल, म्हणजे रास्पबेरी पाय ४ या तळहाताएवढ्या, एसडी कार्डवर चालणाऱ्या संगणकाबद्दल. जूनपासून दहा नग, ४ जीबी रॅमचे, लोकवर्गणीतून घेतलेले. रोज तीनेक तास चालतात. त्याआधी योजनेतून आलेले कोअर टू ड्युओ या जुन्या प्रोसेसरचे टॉवर होते. टॉवर आणि मॉनिटर मिळून एक संच १०० वॅट घ्यायचा. आता पाय ५ वॅट आणि नवा एलईडी मॉनिटर १५ वॅट, म्हणजे सगळा संच २० वॅटमध्ये. मुलं स्क्रॅचमध्ये ठोकळे जोडून प्रोग्रॅम करतात, इनस्क्रिप्ट कीबोर्डने मराठी टाइप करतात, दीक्षा या सरकारी शैक्षणिक पोर्टलवरचे व्हिडिओ बघतात; कुठेच अडत नाही. फक्त २ जीबीचा घेऊ नका, ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की रखडतो. त्यापुढच्या पाय ५ ची या कामाला गरज नाही. ऑफिसातल्या नोटिसा अजून जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमध्ये आहेत, त्यासाठी विंडोजचा एक संगणक ठेवावा लागला.

आता हिशोब. दहा टॉवर, तीन तास, महिन्याला २४ दिवस: ७२ युनिट. त्याच वापराला पायचे १४-१५ युनिट. पहिल्या तीन महिन्यांत बिल उतरलं, मी खूश होतो आणि भेटेल त्या शिक्षकाला पाय घ्या म्हणून सांगत होतो. पण तरीही बिल जेवढं उतरायला हवं होतं तेवढं उतरत नव्हतं. दिवाळीनंतर प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर आणला आणि माझं मत बदललं.

संगणक बंद, मॉनिटर बंद, यूपीएसचं पुढचं बटणही बंद, फक्त भिंतीवरचं बटण चालू. मीटर दाखवतो ८ वॅट! असे दहा यूपीएस, २४ तास, रविवार आणि सुट्ट्या धरून. महिन्याला जवळपास ५८ युनिट. संगणक १४ युनिट खातात आणि त्यांना सांभाळायला ठेवलेला डबा ५८! आम्हाला सगळे आकार धरून युनिट ८ रुपयांच्या आसपास पडतं, म्हणजे वर्षाला साडेपाच हजार. आमच्या पटाला संयुक्त शाळा अनुदान ५०,००० रुपये मिळतं. त्यातूनच खडू, दुरुस्ती, स्वच्छता आणि वीजबिल. त्यातले साडेपाच हजार रात्री कुलूपबंद खोलीत ट्रान्सफॉर्मर गरम ठेवण्यात जात होते.

यूपीएस काढूनच टाकावा तर तेही जमत नाही. वीज एकदम गेली की पायच्या एसडी कार्डवरची फाइल सिस्टिम बिघडू शकते. आमची दोन कार्डं अशीच गेली. (तयार कार्डाची एक प्रत कपाटात ठेवा, पुन्हा सगळं टाकत बसावं लागत नाही.) पण दहा यूपीएस कशाला? पायच्या पाच संचांचा भार १०० वॅट, म्हणजे जुन्या एका संचाएवढाच. ६०० व्हीए क्षमतेच्या यूपीएसला तो जड नाही. आतल्या १२ व्होल्ट ७ एएचच्या बॅटरीवर सगळे संच नीट शटडाउन करण्याइतका वेळ आरामात मिळतो. आता दोनच यूपीएस आहेत, बाकीचे आठ काढून ठेवले.

आणि मेकॅनिकचं म्हणणं? बॅटरी रिकामी होऊन तशीच पडून राहिली तर खराब होते, हे खरं. पण भरलेली बॅटरी एका रात्रीत उतरत नाही. आधी यूपीएसचं पुढचं बटण बंद करायचं, मग भिंतीवरचं. उलट केलं तर तो बॅटरीवर चालत, पीं पीं करत रात्रभरात रिकामा होतो. बॅटऱ्या जातात त्या अशा. हा क्रम बोर्डाशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून लावलाय आणि सातवीचे दोघं रोज पाळतात. दोन यूपीएसचा स्वतःचा खर्च आता महिन्याला तीन युनिटच्या आत आहे.

ज्यांना नवे संगणक घ्यायला पैसे नाहीत त्यांनी टॉवर तसेच राहू द्या, पण उद्या शाळेत गेल्यावर यूपीएसच्या डब्याला हात लावून बघा. कोमट लागला तर संध्याकाळपासून बटण बंद करायला सुरुवात करा. मे महिन्याच्या सुट्टीत मात्र महिन्यातून एकदा कुणीतरी जाऊन दिवसभर चार्जिंगला लावा.