दार नुसते ओढले गेले होते

फ्रँकफुर्टला राहायला येऊन आम्हाला जेमतेम तीन महिने झाले होते, तेव्हाची ही हकीकत आहे. नोव्हेंबरमधला रविवार होता, दुपारचे चार वाजून गेले होते, यजमान कामानिमित्त हांबुर्गला गेले होते आणि मी अडीच वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन, पुण्याला आईशी फोनवर बोलत बोलत, कचऱ्याची पिशवी खाली टाकायला निघाले होते. उंबरठ्याबाहेर पाऊल पडले आणि मागे दार ओढले गेले. इथल्या बहुतेक सदनिकांच्या दाराला बाहेरून फिरवायची मूठ नसते, नुसता घट्ट बसवलेला गोळा असतो, त्यामुळे दार एकदा लागले की ते किल्लीशिवाय उघडत नाही. किल्ली आत खुंटीवर होती.

पुण्यात आमची जादा किल्ली वर्षानुवर्षे शेजारच्या काकूंकडे असायची. इथे शेजाऱ्यांशी ओळख जिन्यातल्या 'हालो'पलीकडे गेलेली नव्हती. इमारतीची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरचा क्रमांक तळमजल्यावरच्या फलकावर लावलेला होता, परंतु त्या फलकावरून रोज जात असूनही जर्मन मजकूर दिसला की माझी नजर आपोआप पुढे सरकत असे.

मग मी फोनवर इंग्रजीतच शोध घेतला, 'जवळचा, इंग्रजी बोलणारा कुलूपवाला' अशा अर्थाचा. सर्वांत वर जे आले ती जाहिरात होती. तिच्यात फ्रँकफुर्टचा ०६९ ने सुरू होणारा क्रमांक होता, '४९ युरोंपासून' असा दर होता आणि वीस मिनिटांत पोहोचण्याचे आश्वासन होते. फोन उचलणारी बाई अस्खलित इंग्रजी बोलत होती. तिने पत्ता घेतला, सोबत लहान मूल आहे का हे आपुलकीने विचारले आणि एकूण खर्च किती येईल, या माझ्या प्रश्नावर 'आमचा माणूस दार पाहून सांगेल' असे उत्तर दिले. मी तो प्रश्न पुन्हा विचारला नाही. तीन महिने प्रत्येक पत्र, प्रत्येक अर्ज, औषधाच्या खोक्यावरची प्रत्येक ओळ भाषांतर करून वाचावी लागत असताना पलीकडून सरळ समजेल असे कोणी बोलले, एवढ्यानेच ते माणूस मला आपले वाटले. माझी फसवणूक खरी तिथे झाली. दारापाशी नंतर घडले ते केवळ वसुलीचे काम होते. अशा जाहिरातींतला स्थानिक क्रमांक पुष्कळदा दूरच्या एखाद्या कॉल सेंटरकडे वळवलेला असतो आणि तिथून कमिशनवर काम करणारा माणूस पाठवला जातो, हे तेव्हा मला माहीत नव्हते.

तो माणूस एक तास वीस मिनिटांनी आला. गाडीवर कोणत्याही दुकानाचे नाव नव्हते आणि तिच्या क्रमांकाच्या पाटीवर फ्रँकफुर्टचे 'एफ' हे अक्षरही नव्हते. त्याने आधी एका छापील कागदावर माझी सही घेतली. त्यातले रकमेचे रकाने कोरे होते. मूल थंडीने रडकुंडीला आले होते, माझ्या पायांत घरातल्या सपाता होत्या, आणि मी सही केली. दोन-तीन मिनिटे एक वाकवलेली तार दाराच्या फटीतून वरखाली केल्यासारखे करून त्याने जाहीर केले की हे सुरक्षा कुलूप आहे, ड्रिल केल्याशिवाय उघडणार नाही. पुढच्या दहा मिनिटांत कुलपाचा गाभा, ज्याला इथे त्सिलिंडर म्हणतात, भोके पाडून काढला गेला, दार उघडले आणि नवा गाभा बसला.

बिल असे होते: येण्याजाण्याचे ७९ युरो, दार उघडण्याचे १४९, रविवार म्हणून तेवढेच आणखी १४९, ड्रिलिंगचे १२०, नव्या गाभ्याचे ७८, आणि या सगळ्यावर १९ टक्के कर, एकूण ६८४ युरो २५ सेंट. मी जाहिरातीतल्या ४९ युरोंची आठवण करून दिली, तेव्हा ते फक्त सुरुवातीचे असतात, असे तो म्हणाला. बिल घरी पाठवा, मी बँकेतून भरते, असे सुचवल्यावर त्याचा आवाज बदलला. आत्ता पैसे मिळाले नाहीत तर गाभा काढून घेऊन जाईन आणि रात्रभर दार उघडे ठेवून बसा, असे त्याने उंबरठ्यात उभे राहून सुनावले. मी आतून बँकेचे कार्ड आणले आणि त्याच्या छोट्या यंत्रावर पिन दाबला. पिन दाबून दिलेले पैसे बँक परत फिरवत नाही. नुसत्या सहीने खात्यातून वळते झालेले असते तर आठ आठवड्यांच्या आत ते परत मागवता आले असते, पण हा फरक त्या माणसाला पक्का ठाऊक असावा, कारण पैसे घेताना त्याने सही मागितलीच नाही.

मंगळवारी हाउसमाइस्टर आले, त्यांनी दाराची कड न्याहाळली आणि मला एकच प्रश्न विचारला: दार 'त्सुगेफालन' होते की 'आबगेश्लोसन'? पहिल्याचा अर्थ नुसते ओढले गेलेले, दुसऱ्याचा किल्ली फिरवून बंद केलेले. नुसते ओढले गेलेले दार जाणकार माणूस गाभ्याला हातही न लावता बहुधा काही मिनिटांत उघडतो, आणि ड्रिलची वेळ अगदी क्वचित येते. मी फोनवर 'त्सुगेफालन' हा एक शब्द उच्चारला असता, तर निदान आपण एखाद्या माहीतगाराशी बोलत आहोत की काय, अशी पलीकडच्यांना शंका आली असती.

त्याहून मोठी अडचण वेगळीच होती. आमच्या इमारतीला सामायिक कुलूपयोजना आहे, म्हणजे एकाच किल्लीने मुख्य दार, तळघर आणि आपापली सदनिका उघडते. फोडलेला गाभा त्या योजनेतला होता आणि घरमालकाचा होता. तसाच गाभा कारखान्याकडून पुन्हा करून घ्यावा लागला, त्याला सात आठवडे लागले आणि त्याचे १९० युरो आमच्याकडूनच घेतले गेले. फोडलेला गाभा तो माणूस सोबत घेऊन गेला होता; तो जवळ असता तर पुरावा म्हणून दाखवता आला असता. त्याने बसवला तशाच बनावटीचा गाभा मला पुढे बांधकाम साहित्याच्या दुकानात वीस युरोंच्या आत दिसला.

ग्राहकांना सल्ला देणाऱ्या फरब्राउखरत्सेंट्राले या संस्थेच्या कार्यालयात मी सर्व कागद घेऊन गेले. जर्मन नागरी संहितेच्या कलम १३८ प्रमाणे, कोणाच्या अडचणीचा गैरफायदा घेऊन अवाच्या सव्वा मोबदला लावलेला करार मुळातच रद्द ठरतो, आणि घराबाहेर अडकणे ही फौजदारी कायद्याच्या दृष्टीनेही अशी अडचण असू शकते, असे इथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलेले आहे, असे तिथे समजावून सांगण्यात आले. कायदा बाजूने आहे. पण तो लागू करण्यासाठी समोर माणूस असावा लागतो. बिलावरच्या पत्त्यावर पाठवलेले माझे पत्र 'या पत्त्यावर असे कोणी नाही' या शेऱ्यासह परत आले. पोलिसांत तक्रार नोंदवली आहे.

नव्याने येणाऱ्या कुटुंबांना माझी विनंती आहे की घराचा ताबा घेतला त्याच आठवड्यात हाउसमाइस्टरचा क्रमांक आणि आपल्या भागात प्रत्यक्ष दुकान असलेल्या कुलूपवाल्याचा क्रमांक फोनमध्ये नोंदवून ठेवा. दुकान चालत जाऊन पाहिलेले असावे. प्रसंग आलाच तर दार नुसते ओढले गेले आहे हे सांगून, येण्याजाण्यासह आणि सुट्टीच्या दिवसाच्या आकारासह एकूण रक्कम फोनवरच निश्चित करून घ्या. ती सांगायला जो तयार नसेल त्याला बोलावू नका. आलेला माणूस ठरल्यापेक्षा जास्त मागून अडवू लागला, तर शेजाऱ्याची घंटा वाजवून साक्षीदार उभा करा आणि ११० वर पोलिसांना बोलवा. आत मूल एकटे अडकले असेल किंवा शेगडी चालू राहिली असेल, तर मात्र कुलूपवाला शोधत बसू नका, आणीबाणीचा ११२ क्रमांक फिरवा.

त्या संध्याकाळी ड्रिलचा आवाज ऐकून समोरच्या सदनिकेतल्या आजींनी दार किलकिले करून पाहिले होते आणि मी ओशाळून मान खाली घातली होती. कारखान्यातून नवा गाभा आला तेव्हा त्यासोबत तीन किल्ल्या आल्या, आणि त्यांतली एक आता त्यांच्या घरातल्या खुंटीवर असते.