आरशाचा ‘इंपोर्टेड गम’

मे महिन्यात देवगडच्या कातळावर भर दुपारी काचा बंद करून गाडी उभी ठेवली, हा गाढवपणा माझाच. परत आलो तर मधला आरसा गिअरपाशी लोळत पडलेला. आरसा ज्यावर अडकवतात ते काचेवरचं धातूचं बटन त्याच्याच मानेत अडकलेलं, आणि पुढच्या काचेवर पिवळट गोंदाचा डाग.

महामार्गाकडे येताना एक गॅरेज लागलं. मालकाने आधी गाडीची पाटी पाहिली, एमएच ०४, आणि मग आरसा. “ह्या बटन काचेत कंपनीतसूनच येता. सुटला म्हणजे पुरी काच बदलूक व्हयी.” साडेसात हजार! माझा चेहरा उतरलेला बघून त्यालाच दया आली. “इंपोर्टेड गम आसा माझ्याकडे. चौदाशे पडतले.”

साडेसात हजार कानावर पडल्यावर चौदाशे स्वस्तच वाटतात. मी हो म्हटलं. “चाय पिवन येवा,” म्हणाला. दहा मिनिटांत आलो तर काम झालेलं. पावती मागितली, तर पुस्तक संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुणकेश्वरच्या वाटेवर आरसा पुन्हा मांडीत पडला. गाडी झाडताना पायाखालच्या मॅटमधून चिमुकली रिकामी ट्यूब निघाली, पानाच्या टपरीवर चपला चिकटवायला मिळते ती. काचेवर पांढरट धूर बसल्यासारखा डागही होता. झटपट गोंदाची वाफ असा डाग सोडते, हे नंतर कळलं.

गावात आमच्या शेजारचा रिक्षावाला बाबल्या हे ऐकून हसत सुटला. बटन काचेत येत नाही, काचेवर चिकटवलेलं असतं. हरवलं तरी सुटं मिळतं. (आरशाच्या पाठीमागे कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असेल तर गोष्ट वेगळी.) झटपट गोंद वाळला की ठिसूळ होतो. उन्हात काच आणि धातू कमी-जास्त फुगतात, त्यात हादरे, तो तडकणारच. त्यासाठी आरशाचाच गोंद लागतो. स्पेअर पार्टच्या दुकानात तो मला दीडशेला मिळाला, सोबत अॅक्टिव्हेटरची, म्हणजे गोंद नीट पकडावा म्हणून आधी लावायच्या द्रवाची बारकी कुपी.

काम सकाळी सावलीत केलं. काचेच्या बाहेरून मार्करने जागेची खूण केली. आतला जुना गोंद ब्लेडने पार खरवडला, बटनाला पॉलिश पेपर मारला, दोन्ही स्पिरिटने पुसले आणि पुन्हा बोट लावलं नाही. अॅक्टिव्हेटर वाळू दिला, मग बटनावर एकच थेंब. बाबल्याने सरळ-उलटं दोनदा तपासलं, कारण उलटं बसलं तर आरसा त्यात सरकत नाही. मिनिटभर अंगठ्याने दाबून धरलं. आरसा मात्र दुसऱ्या दिवशी अडकवला. घाई करायची तर लायटरने काच तापवणारेही असतात म्हणे. तसं कुणाला करू देऊ नका, काचेला तडा जाईल. आणि गोंद लावताना चहाला जाऊ नका, ट्यूब हातात घेऊन वाचा.

परतीच्या वाटेवर त्याच गॅरेजपाशी गाडी थांबवली. मी तोंड उघडायच्या आधीच त्याने खिडकीतून हात घालून आरसा हलवून बघितला.

“बघा, कसो घट्ट बसलो हा!”