दर्शनी भिंतीचे सागवानी क्लॅडिंग : लाकूड, सुतारकाम आणि तेल

नाशिकमध्ये गंगापूर रोडच्या बाजूला आम्ही स्वतः उभे राहून बांधून घेतलेल्या घराच्या पश्चिमेकडील भिंतीवर सागवानी पट्ट्या लावल्या आहेत. या भिंतीला उन्हाळाभर दुपारचे ऊन आणि जूनपासून तिरका पाऊस थेट लागत असल्यामुळे लाकडाचा कस येथे लवकर लागतो.

सागवान निवडण्यापूर्वी थर्मो पाइन आणि डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा व प्लास्टिक यांचे मिश्रण) हे दोन्ही पर्याय पाहिले. थर्मो पाइन सुमारे दोनशे अंशांवर वाफेत भाजलेले असल्याने ओलावा कमी घेते, मात्र ठिसूळ होते आणि टोकाजवळ आधी भोक न पाडता स्क्रू मारल्यास तडकते. डब्ल्यूपीसी दिसायला प्लास्टिकच. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे नाही.

वखारीबाबत मत संमिश्र आहे. माल मुरलेला होता आणि ओलावा मोजण्याचे यंत्र बारा टक्क्यांच्या आसपास आकडा दाखवत होते. परंतु गाभ्याच्या सोनेरी-तपकिरी फळ्यांमध्ये कडेच्या फिकट लाकडाच्या फळ्याही मिसळलेल्या निघाल्या. सागाचा टिकाऊपणा गाभ्यात असतो, कडेच्या लाकडाला वाळवी सहज लागते, त्यामुळे त्या फळ्या आम्ही परत केल्या. वखारीने त्या बदलून दिल्या, पण बरीच कुरकुर करून.

सुतारकाम मात्र उत्तम झाले. भिंतीवर उभ्या बॅटन (आधाराच्या पट्ट्या) मारून मागे इंचभर पोकळी ठेवली असून वर-खाली जाळी लावली आहे, म्हणजे आत शिरलेले पाणी निथळते आणि हवा खेळती राहते. स्क्रू सर्व स्टेनलेस स्टीलचे आहेत, कारण साध्या लोखंडाचा सागातील टॅनिन या तुरट द्रव्याशी संयोग होऊन काळे ओघळ उतरतात.

खरा निर्णय फिनिशचा होता. पॉलिशवाल्याचा आग्रह चकचकीत पीयूचा (पॉलियुरेथेनच्या लेपाचा) होता, आणि नवे असताना ते देखणे दिसते हे मान्यच आहे. परंतु बाहेरच्या लाकडावर पापुद्रा धरणाऱ्या कोणत्याही लेपाला आज ना उद्या बारीक भेग पडते, तेथून पाणी आत शिरते, पापुद्रा सुटतो आणि मग सगळी भिंत घासून काढावी लागते. आम्ही रंगद्रव्य असलेले, लाकडात मुरणारे तेल घेतले. बिनरंगी तेल अतिनील किरणे अडवत नाही, त्यामुळे लाकूड लवकर राखाडी पडते. सागाचे स्वतःचे तेल वर येत असल्याने आधी फळ्या थिनरने पुसल्या, कापलेली टोके दोनदा भिजवली आणि न मुरलेले तेल फडक्याने टिपून घेतले. ते तसेच राहिले तर चिकट होऊन धूळ धरते. ही तेलकट फडकी बोळा करून टाकू नयेत, जवसाच्या तेलाची असल्यास ती आपोआप पेट घेऊ शकतात.

पावसाळ्यानंतर छज्जाखालचा भाग जसाच्या तसा आहे. जमिनीवरून पाणी उडते तेथील खालच्या ओळी फिकटल्या आहेत. त्यांना मे महिन्यात, घासकाम न करता, केवळ धुऊन-वाळवून तेलाचा एक हात पुरेसा होईल.