दान दिलेल्या गाडीची चलनं अजून माझ्याच मोबाइलवर येतात

रक्कम आधीच सांगून टाकतो. 33,900 रुपये खिशातून गेले, गाडी गेली, आणि गाडी गेल्यानंतरची 8,000 रुपयांची चलनं माझ्या नावावर पडली आहेत. चाळीस वर्षं टॉवेलच्या धंद्यात काढली, उधारीवाल्याची नियत चालण्यावरून ओळखतो असं मीच चारचौघांत सांगायचो. आता होटगी रोडवर कुणी ओळखीचं दिसलं की रस्ता बदलतो.

गाडी 2014 ची, हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी. 2019 मध्ये पुण्याच्या पार्टीकडून 11,25,000 ला घेतली. मागच्या सीटच्या बाजूला एक जाळी असते, तिथून हवा ओढून आतली मोठी बॅटरी थंड राहते. माझ्या गाडीत रोज टॉवेलचे गठ्ठे. त्या जाळीत बोटभर तूस बसला होता, आणि वर सोलापूरचा उन्हाळा. बॅटरी बसली. नव्या बॅटरीचा आकडा आला 2,80,000. इथले मिस्त्री बॉनेट उघडायचे, जाड केशरी वायरी बघायचे आणि पुन्हा बंद करायचे, "मालक, ह्याला हात लावणार नाही." भंगारवाला 70,000 द्यायला तयार होता. तेव्हा दिली असती तर! पण वडिलांचं वर्षश्राद्ध जवळ आलेलं, मनात आलं की गाडी वृद्धाश्रमाला द्यावी. आणि खरं सांगायचं तर 80जी ची, म्हणजे देणगीवर आयकरात सूट देणारी पावती मिळेल हेही मनात होतं. लपवत नाही.

ओळखीतून एका 'ट्रस्ट'चा नंबर आला. बोलणारा पोरगा इतका गोड, की मला 'काका' आणि हिला 'काकू' म्हणत पहिल्या फोनलाच घरचा झाला. गाडी दुरुस्त करून म्हाताऱ्यांना दवाखान्यात न्यायला वापरणार म्हणाला. मग एकेक खर्च निघाला. उचलून न्यायचे 6,500. नाव बदलायचे 9,400. जुन्या बॅटरीची 'नियमानुसार विल्हेवाट' म्हणून 18,000. दान देणाऱ्यानेच पैसे भरायचे, हे ऐकून तरी डोकं चालायला हवं होतं. क्यूआर स्कॅन केला तेव्हा वर ट्रस्टचं नाव नव्हतं, कुणा एका माणसाचं होतं. तेही बघितलं. बघितलं आणि भरले.

9 जानेवारीला, गड्ड्याच्या यात्रेच्या गडबडीत, टोइंगवाला आला. हिने गाडीला हळद-कुंकू वाहिलं, बॉनेटवर झेंडूचा हार घातला. पोरगा फोटो काढायला लागला. समोरून, मागून, चारी टायर, सीट, किलोमीटरचा आकडा. मग हसून म्हणाला, "काकू, फोटोत हार येतोय, काढू का?" आणि काढून तुळशीच्या कट्ट्यावर ठेवला.

तिथंच कळायला हवं होतं. दान घेणारा माणूस हारासकट फोटो काढतो, भिंतीवर लावायला. हार काढून फोटो काढतो तो विकणारा. मी धंदेवाला माणूस, माल विकायला काढताना वरचा धागा झटकून फोटो घेतो, मला हे कळू नये? रोज रात्री तो हार डोळ्यांपुढे येतो.

गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या केल्या. घेणाऱ्याचं नाव लिहायची जागा कोरी होती. "ट्रस्टचा शिक्का तिकडं मारू, काका." कोऱ्या फॉर्मवर सही करू नका, समोरचा देवळाचा पुजारी असला तरी. गाडी दिल्यावर 14 दिवसांत आरटीओला कळवायची जबाबदारी देणाऱ्याची असते. मला वाटलं तेच कळवतील. 9,400 कशाचे दिले होते मग?

पावती मात्र झकास आली. 'वाहन देणगी, मूल्य 3,50,000, 80जी लागू.' सीएला दाखवली तर तो आधी हसला, मग गंभीर झाला. 80जी ची सूट फक्त पैशाच्या देणगीला मिळते, वस्तूला नाही. रोखीने दिलेत तर तेही 2,000 पर्यंतच. शिवाय संस्थेला 80जी आहे का, हे आयकर खात्याच्या साइटवर पाच मिनिटांत दिसतं. ती पाच मिनिटं मी काढली नाहीत.

2 मार्चला पहिलं चलन आलं, वेगाचं, एक्सप्रेस वेवरचं. फोटोत माझी गाडी, काचेवर श्री सिद्धरामेश्वरांचं स्टिकर तसंच. सगळी बॅटरी न बदलता मेलेले सेल तेवढे बदलूनही अशी गाडी चालते म्हणे. पुतण्याने जुनी जाहिरात शोधून काढली: 2,65,000, आणि मागे आमचं तुळशी वृंदावन. कट्ट्यावर हार.

पोलीस ठाण्यात गेलो. "चावी तुम्हीच दिली, सही तुमची, मग फसवणूक कसली? दिवाणी बाब आहे." दुसऱ्या दिवशी, "गाडी पुण्याकडं फिरतीय ना, तिकडं द्या तक्रार." तिकडे फोन केला तर, "व्यवहार सोलापुरात झाला, तिथंच द्या." गुन्हा कुठल्याही हद्दीतला असो, ठाण्याला तक्रार नोंदवून घ्यावी लागते, कायद्यात स्पष्ट आहे. हे मी सांगितलं तर साहेब म्हणाले, "वकील आहात का?" गाडीचा व्यवहार थांबवून ठेवा म्हणून दुसऱ्या कार्यालयात अर्ज केला. ते म्हणाले, एफआयआर आणा. ठाणं म्हणतं, आधी गाडी कुणाकडं आहे त्याचा कागद आणा. चार खेटे, दोन अर्ज, पोच एकाचीही नाही. पोच घेतल्याशिवाय उठू नका, मी उठलो. ऑनलाइन फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनला फोन केला तर पैसे जाऊन दोन महिने होत आले होते. तो फोन त्याच तासात करायचा असतो.

झोप उडवणारी गोष्ट वेगळीच आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच सांगितलंय की अपघात झाला तर भरपाई नोंदीवर नाव असलेल्या मालकाकडून. नोंदीवर मी. विमाही माझाच, ऑगस्टपर्यंत. गाडी जुनी झाली असेल तर सरकारमान्य स्क्रॅप केंद्रात द्या आणि जमा केल्याचं प्रमाणपत्र हातात घ्या. कमी मिळेल, पण नाव सुटेल.

त्या पोराचा फोन बंद आहे, पण गुढीपाडव्याच्या शुभेच्छा व्हॉट्सअॅपवर आल्या, कलशाच्या चित्रासकट. काल सहावं चलन आलं. सीटबेल्ट लावला नव्हता म्हणून.