पंधराच्या आतलं मूल आणि गोरिला ट्रेक: युगांडा, रवांडा की थोडं थांबायचं?

आधी नियम, कारण तिथेच निम्म्या घरांचा बेत अडतो. डोंगरी गोरिला जगात फक्त चार राष्ट्रीय उद्यानांत उरलेत: युगांडात ब्विंडी आणि म्गाहिंगा, रवांडात व्होल्केनोज आणि काँगोत विरुंगा. चारही ठिकाणी त्यांना बघायला जायच्या ट्रेकसाठी किमान वय १५ वर्षं पूर्ण लागतं. आई-वडील सोबत आहेत, मूल समंजस आहे, अंगाने थोराड आहे, यातलं काहीही चालत नाही. परमिट पासपोर्टच्या तपशिलावर निघतं आणि ट्रेकच्या सकाळी पासपोर्ट दाखवावा लागतो. 'तिथे गेल्यावर बघू, काहीतरी जमवू' म्हणणारा एजंट भेटला तर सरळ दुसरा शोधा. गेटवरून परत फिरावं लागलं तर पैसे तुमचे जातात, त्याचे नाही.

यावर आपल्याकडच्या पालकांचं ठरलेलं उत्तर असतं: 'आमची पोरगी सातव्या वर्षी कळसूबाई चढलीय.' चढली असेल, पण अट मुख्यतः दमाची नाहीच. माणसाची सर्दी-खोकला, गोवर, कांजिण्या गोरिलांना होऊ शकतात आणि त्यांच्या शरीराला या रोगांची सवय नाही. २००९ मध्ये रवांडातल्या हिर्वा नावाच्या गोरिला कुटुंबात श्वसनाच्या आजाराची साथ आली, त्यात एक मादी आणि एक पिल्लू दगावलं. तपासात माणसांमध्ये आढळणारा विषाणू सापडला. २०१५ ते २०१८ या काळातल्या गणनांत डोंगरी गोरिला १,०६३ भरले. एवढ्याशा संख्येत एक साथही परवडत नाही, आणि शाळकरी मुलांच्या घरात वर्षभर कोणाचं तरी नाक वाहत असतंच. दुसरं कारण वागण्याचं. रुपेरी पाठीचा नर, ज्याला तिथे 'सिल्व्हरबॅक' म्हणतात, कधी कधी धमकावण्यासाठी अंगावर धावून आल्यासारखं करतो. तेव्हा पळायचं नाही, ओरडायचं नाही, खाली बसून नजर वळवायची. मोठ्यांनाही हे कठीण जातं.

तेव्हा वयात सवलत कुठे मिळते हा प्रश्न सोडून द्या. नियम सगळीकडे सारखाच आहे. फरक आहे तो पैशांत, रस्त्यात आणि मागे राहणाऱ्या मुलाचा तो दिवस कसा जाईल यात. माझ्या मते देश निवडायचा तो या शेवटच्या मुद्द्यावर, आणि बहुतेक लोक नेमकं तेच सगळ्यात शेवटी बघतात.

काँगोचा विरुंगा या तुलनेत घेतलेला नाही. परमिट तिथे सगळ्यात स्वस्त होतं हे खरं, पण त्या भागात युद्ध चालू आहे. मुलं घेऊन तर सोडाच, एकट्यानेही जायची ती जागा नाही.

पैशांचा हिशेब

परदेशी पर्यटकाला युगांडात एका परमिटचे ८०० डॉलर पडतात (जुलै २०२४ पासून), रवांडात १,५०० डॉलर (२०१७ पासून). रुपयांत धरलं तर युगांडा माणशी सत्तर हजारांच्या आसपास, रवांडा सव्वा लाखाच्या वर. मिळतं दोन्हीकडे तेच: जास्तीत जास्त आठ जणांचा गट, एक गोरिला कुटुंब, त्यांच्याजवळ एक तास.

आई-बाबा, सोळाची मुलगी आणि अकराचा मुलगा असं घर धरा. तीन परमिटं लागतात: युगांडात २,४०० डॉलर, रवांडात ४,५००. फरक २,१०० डॉलरचा. घरात पंधरावरचे जितके जास्त, तितका युगांडाचा फायदा वाढतो. दोन्ही मुलं लहान असतील आणि आई-बाबांपैकी एकालाच जायचं असेल, तर फरक ७०० डॉलरवर येतो आणि मग रवांडाचा विचार करायला हरकत नाही.

नोकरीनिमित्त कंपाला किंवा नैरोबीत राहणाऱ्या मराठी मंडळींनी आपला रहिवासी परवाना हाताशी ठेवून चौकशी करावी. तिथल्या रहिवाशांचे दर वेगळे आणि कमी आहेत.

रस्ता, आणि मागे राहिलेलं मूल

इथे रवांडा उघडपणे पुढे आहे. किगाली विमानतळापासून व्होल्केनोजच्या पायथ्याचं मुसान्झे गाव सुमारे अडीच तासांवर, रस्ता चांगला. युगांडाच्या एंटेबे विमानतळाहून ब्विंडीला गाडीने आठ ते दहा तास लागतात, शेवटचा टप्पा कच्च्या घाटाचा. गाडी लागणारं मूल असेल तर हा आकडा दोनदा वाचा. ब्विंडीजवळच्या किहिही किंवा किसोरोपर्यंत छोट्या विमानाने जाता येतं, पण मग स्वस्त परमिटची बचत तिकिटात जाते. युगांडाच्या बाजूने एक गोष्ट आहे: मुंबईहून एंटेबेला युगांडा एअरलाइन्सने २०२३ मध्ये थेट विमान सुरू केलं. किगालीला बहुधा आदिस अबाबा, नैरोबी किंवा दोहामार्गे जावं लागतं.

ट्रेक तासाभरात आटोपेल की संध्याकाळ होईल, हे सकाळी कोणीच सांगू शकत नाही. त्यामुळे अकराच्या मुलाला रिसेप्शनवर सोपवून दोघांनी निघायचं हा मार्ग बाद. राहतो तो पाळीपाळीचा: पहिल्या दिवशी बाबा आणि मुलगी, दुसऱ्या दिवशी आई. लॉजचा एक मुक्काम वाढतो, परमिटांचा खर्च तेवढाच राहतो.

रवांडात हे सोपं आहे. सगळे ट्रेकर सकाळी सातला उद्यानाच्या मुख्यालयात, किनिगीतच जमतात, त्यामुळे परमिटं कोणत्याही दोन दिवसांची काढली तरी मुक्काम हलत नाही. मागे राहिलेल्यासाठी जवळच डायन फॉसी गोरिला फंड या संस्थेचं २०२२ मध्ये उघडलेलं केंद्र आहे. गोरिलांवरचं तिथलं प्रदर्शन दहा-बारा वर्षांचं मूल रमून बघेल असं आहे. बुरेरा आणि रुहोंडो ही जोडतळी आहेत, मुसान्झेच्या लाव्हाच्या गुहा आहेत. सहलीला जोडून अकागेरा उद्यान घेतलं तर गाडीतून सफारी होते. तिथे २०१५ मध्ये सिंह आणि २०१७ मध्ये गेंडे परत आणून सोडलेत, आणि गाडीत बसायला कोणी वय विचारत नाही.

ब्विंडीत मात्र पाळीचा बेत नीट आखावा लागतो. उद्यानाचे चार विभाग आहेत: बुहोमा, रुहिजा, रुशागा आणि न्कुरिंगो. परमिट विभागाचं निघतं. एकाचं बुहोमाचं आणि दुसऱ्याचं रुशागाचं मिळालं, तर मधला दिवस गाडीत जातो. एकच विभाग, लागोपाठचे दिवस, हे एजंटकडून लेखी घ्या. लॉजवर थांबलेल्या मुलाला गावातली फेरी आणि धबधब्यापर्यंतची वाट एवढं असतं. अर्धा दिवस छान जातो, दुसरा अर्धा कंटाळ्यात. पण युगांडाची खरी मजा ब्विंडीला पोचण्याआधी आहे. वाटेत विषुववृत्त ओलांडता येतं. क्वीन एलिझाबेथ उद्यानात काझिंगा कालव्यावरच्या बोटीतून पाणघोडे आणि हत्ती जवळून दिसतात. त्याच उद्यानाच्या इशाशा भागात झाडांवर चढून बसणारे सिंह आहेत. आठवडा-दहा दिवस हाताशी असतील तर लहान मुलासाठी मी युगांडाच सुचवेन. चार-पाच दिवसच असतील तर रवांडा, पैसे जास्त गेले तरी.

तिसरी वाटही आहे, आणि ती फार कमी लोक धरतात: उतरायचं किगालीला, ट्रेक करायचा सीमेपलीकडे ब्विंडीच्या दक्षिण भागात, रुशागाला. एंटेबेच्या मानाने प्रवास निम्म्याच्या आत येतो आणि परमिट ८०० डॉलरचं राहतं. केनिया, युगांडा आणि रवांडा मिळून एकच पर्यटक व्हिसा १०० डॉलरला मिळतो. तो ज्या देशाने दिला त्याच देशात आधी उतरायचं, एवढं लक्षात ठेवा.

आजी-आजोबा बरोबर असतील तर अर्धा प्रश्न सुटतो. नातवाबरोबर लॉजवर तेच थांबतात आणि आई-बाबांना एकत्र जाता येतं. त्यांना स्वतःला गोरिला बघायचे असतील तर वरच्या वयाची मर्यादा नाही. गुडघे दुखत असतील तर चक्क डोली मिळते, चार जण उचलतात आणि आळीपाळीने खांदा बदलतात. ब्विंडीत तिला गमतीने 'हेलिकॉप्टर' म्हणतात. भाडं शेकड्यांत डॉलर आहे आणि आदल्या दिवशी सांगावं लागतं.

नुकतंच पंधरा पूर्ण झालंय

मग चढण किती, हा प्रश्न खरा होतो. ब्विंडीचं जंगल दाट, उतार तीव्र, पायाखाली वेलींचा गुंता. रवांडात आधी शेतांतून चालायचं, मग बांबूचं बन. उंची जास्त, पण वाट बरी. रवांडात कोणत्या गटाला कोणतं कुटुंब मिळणार हे त्याच सकाळी ठरतं. तेव्हा गाइडने मुलाचं वय सांगून जवळचं कुटुंब मागायचं. साब्यिन्यो कुटुंब सहसा पायथ्याजवळ असतं, सुसा लांब. युगांडात हे बऱ्यापैकी बुकिंगच्या वेळीच ठरून जातं. पोर्टर दोन्हीकडे घ्या. चिखलात हात धरायला उपयोगी पडतो आणि ते पैसे गावात राहतात. आणि हो, वय बसलं तरी त्या दिवशी सर्दी-ताप असेल तर कोणालाच आत सोडत नाहीत.

थांबायचं असेल तर

धाकटं तेरा-चौदाचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: थांबा. वर्ष-दोन वर्षांसाठी घर दोन पाळ्यांत विभागण्यात अर्थ नाही. आपल्याकडे पंधरावं वर्ष नववी-दहावीत पूर्ण होतं, आणि दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपली की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. पण मार्च ते मे हाच तिथला मोठा पाऊस. दिवाळीच्या सुट्टीत छोटा पाऊस असतो. कोरडे महिने जून ते सप्टेंबर आणि डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी. म्हणजे दहावीनंतर अकरावी सुरू होण्याआधीचा जून, नाहीतर नाताळची सुट्टी. या दिवसांची परमिटं काही महिने आधीच संपतात. आधी परमिट, मग विमान, हा क्रम उलटा करू नका.

मूल आठ-नऊचं असेल आणि 'गोरिला, गोरिला' करत असेल तर तेवढ्यासाठी आफ्रिका गाठायची गरज नाही. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात २०२१ मध्ये जर्मनीहून दोन नर गोरिला आणलेत. ते डोंगरी जातीचे नाहीत, पश्चिमेकडच्या सखल प्रदेशातले आहेत, मुलाला त्याने फरक पडत नाही. रानातलाच वानर बघायचा तर आसामात जोरहाटजवळ होल्लोंगापारला हुलॉक गिबन आहे; शेपूट नसलेला हा एकच वानर भारतात सापडतो. पासपोर्ट काढायची तयारी असेल तर मलेशियाच्या सबाहमध्ये सेपिलोकला ओरांगउटान खाण्याच्या मचाणावर येतात आणि मुलांना ते बघता येतात. चिंपांझींच्या ट्रेकलाही वयाची अट असते, ती उद्यानागणिक बदलते आणि काही ठिकाणी गोरिलांपेक्षा खाली आहे. बारा-तेराच्या मुलासाठी त्या त्या उद्यानाचा चालू नियम विचारून घ्या.

एक गोष्ट मुलांसकट सगळ्यांना लागू. युगांडा किंवा रवांडाहून परतताना भारतात पीतज्वराच्या लसीचा दाखला मागतात, नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. युगांडात शिरतानाही तो लागतो. लस फक्त मान्यताप्राप्त केंद्रांवर मिळते आणि दाखला दहा दिवसांनी लागू होतो, म्हणून परमिट हातात पडलं की पहिली अपॉइंटमेंट तिची घ्या.